लाल कडेचं ताट

ताटाची कड आज कालपेक्षा किंचित गडद लाल होती. सकाळी बोटातून दिलेल्या रक्ताच्या थेंबावरून घरातलं ताट ज्याच्या त्याच्या रक्तवाहिन्यांची अवस्था अशी रंगात दाखवत असे, आणि शैलजाच्या पुढ्यातलं ताट वर्षभर लालच होतं. तिने स्वतःला बिनतेलाचा दुधी वाढून घेतला आणि तळलेल्या कोथिंबीर वड्या नवऱ्याच्या, रत्नाकरच्या, हिरव्या ताटात वाढल्या.

"खा तुम्ही. तुमचं काय बाई, घोड्यासारखी तब्येत!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "मीच अशी रोगट. म्हणूनच ना जवळ येत नाही तुम्ही?"

रत्नाकरने उचललेली वडी परत ताटात ठेवली. वर्षापूर्वी अंथरुणात शरीर साथ देईना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "रक्तवाहिन्या बिघडल्या की कधीकधी आधी तिथेच कळतं. तळलेलं कमी करा, चालायला लागा." त्याच संध्याकाळी लाजेपोटी त्याने दोन्ही ताटांत नोंदवलेल्या नावांची अदलाबदल केली होती; तेव्हापासून त्याच्या रक्ताचा रंग तिच्या ताटावर उमटत होता.

शैलजाने आणखी एक वडी पुढे केली. त्याने तिचा हात धरला आणि लाल ताट आपल्याकडे ओढलं.

"हे माझं आहे, शैला. दुखणंही माझंच. तुझ्यात काहीच कमी नव्हतं."