गोदूवहिनीचा चेहरा

पंढरी भिवंडीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. १९७४ च्या उन्हाळ्यात त्याने शेलार गावातल्या घरी आईला, थोरल्या भावाला आणि वहिनीला सहा रविवार ओसरीवर बसवून त्यांचं तैलचित्र काढलं.

तोवर झाकून ठेवलेलं चित्र भिंतीवर लागलं तेव्हा स्वतःच्या मिशा बघून दौलत खूश झाला. मग त्याची नजर शेजारी बसलेल्या बायकोवर गेली. चित्रातल्या गोदूचा डावा डोळा सुजलेला होता, खाली काळानिळा डाग.

"ह्यो काय काढलास?"

"दुसऱ्या रविवारी दिसलं ते काढलं, दादा."

"आता बरी हाय ना ती? पुसून टाक. पाव्हनं बघतील."

"बघू देत. त्यांच्यासमोर तू हात उचलत न्हायस."

दौलत धावून गेला. आई मध्ये पडली, पण बोलली पंढरीलाच. "घरातली गोष्ट भिंतीवर कशाला टांगतोस? घे ब्रश आन् नीट कर तिचा डोळा."

पंढरी हलला नाही. गोदू पुढे आली, तिने चित्र खिळ्यावरून काढलं आणि दोन्ही हातांनी धरून ती पायऱ्या उतरली.

"कुठं चाललीस?" दौलत ओरडला.

"मानकोलीला, बापाकडं." ती थांबली नाही. "सूज उतरल्यावरच मला माहेरी सोडता. मी बापाला माराचं सांगते, त्यो मला खोटी ठरवून परत धाडतो. ही सूज उतरायची न्हाय."