डावा कौल

“वयनी, काय इचारायचा हाय ता मोठ्यान बोला,” महिपत गुरव म्हणाला. देवीच्या दोन्ही खांद्यांना त्याने ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

दरवर्षी फायनलच्या दिवशी हरिहर बायकोला कौल लावायला पिटाळायचा. कॉलेज जिंकणार का, एवढंच विचारायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची पंचवीस वर्षं नोकरी झाली, पण जीव सगळा फुटबॉलच्या टीमवर. पोरीच्या साखरपुड्यातूनही स्वारी मैदानावर पळाली होती. गेल्या वर्षी पेनल्टीच्या वेळी छातीत कळ आली आणि मुलांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मॅच बघायला साफ बंदी केली. पण ऐकतो कोण?

आज त्याची बायको उल्का देवीपुढे हात जोडून उभी होती. कॉलेजचं नाव काही तोंडातून निघेना.

“हे आज मैदानावर गेले, तर सुखरूप घरी येतील ना?”

महिपतने चमकून तिच्याकडे पाहिलं, मग देवीला गाऱ्हाणं घातलं. डावी कळी टपकन खाली पडली.

“त्यांना आज घराभायेर सोडू नुका, वयनी,” तो हळूच म्हणाला.

ती घरी पोचली तेव्हा हरिहर टीमची निळी टोपी घालून पायरीवर चपला चढवत होता.

“काय गो, उजवा ना?”

“डावा,” ती म्हणाली. खोटं नव्हतंच ते. कॉलेज हरणार म्हटल्यावर तरी हा माणूस घरी बसेल, असं तिला वाटलं.

हरिहर हसला. “मग तर जायलाच हवं. हरणाऱ्या पोरांच्या पाठीशी कोणी नको?”

तिने त्याचा हात घट्ट धरला. तिला रडूच फुटलं. “जाऊ नका हो. माझी शपथ आहे.”

“अगो, फायनलला चिपळूणच्या टीमकडून तीनदा मार खाल्ला आपण. एकदा तरी रडलीस?” हात सोडवता सोडवता तो थबकला. “उल्का, देवीला नेमकं काय विचारलंस तू?”

तिने नुसतं त्याच्या छातीकडे पाहिलं. देवीच्या नावावर खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

हरिहरने सावकाश चपला काढल्या. आत येऊन खाटेवर बसला. चेहरा पांढराफटक. त्याने छातीवर हात ठेवला. दुखत नव्हतं, नुसताच ठेवला. तो घाबरलाय हे उल्काला कळलं. आजवर घरात भिणारी ती एकटीच होती. त्याच्या बेफिकिरीला ती शिव्या घालायची, पण त्या बेफिकिरीच्याच जोरावर दिवस काढायची.

मैदानावरून शिट्टी ऐकू आली. थोड्या वेळाने पोरांचा मोठा ओरडा उठला. गोल झाला होता.

हरिहर हलला नाही.

“कोणाचा असेल हो?” उल्काने विचारलं. जन्मात पहिल्यांदाच विचारलं.

“खिडकी लाव,” तो म्हणाला.