चारचा चहा

चार वाजले की सासरे बशीत चहा ओतायचे आणि बटर बुडवून मांडीवरच्या नातीला, मनूला भरवायचे. “मिलमधून आलो की तुझ्या बापाला पण असाच भरवायचो गो!” मी ऑफिसातून मोबाइलवर लालबागच्या खोलीतला कॅमेरा बघत असायचे. परवा राहवलं नाही, कॅमेऱ्यातूनच ओरडले, “आप्पा, घशात अडकेल तिच्या! यापुढे मला विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही!” ते दचकले, चहा लेंग्यावर सांडला. आज चारला मीटिंग होती, मोबाइल बंद होता. घरी आले तर मनूच्या कपाळावर टेंगूळ. रेकॉर्डिंग लावलं. पडलेली मनू हात पसरून रडत होती आणि आप्पा कॅमेऱ्याकडे मान वर करून विचारत होते, “सूनबाय, उचलू काय गो तिला?” अकरा मिनिटं. मी चहा दिला, मनूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. आप्पांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं.