वाडीतली दोन लिंबं

फाईल आरटीओतून परत आली होती. आणि नेमकी आज, मुहूर्ताच्या दिवशी.

प्रेमलताच्या एका हातात हळदकुंकवाची डबी होती, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत नारळ आणि सकाळी वटारच्या वाडीतून तिने स्वतः तोडलेली दोन लिंबं. नवी स्कूटर शोरूमच्या दारात हार घालून उभी होती. मोरपंखी. मस्कतला हॉस्पिटलात ड्यूटी संपली की तिने फोनवर हा रंग किती वेळा बघितला असेल, त्याला गणती नाही.

"मॅडम, पत्त्याचा पुरावा चालला नाही," काउंटरमागची रिद्धी म्हणाली. "तुमचा पासपोर्ट मस्कतला रिन्यू झालाय ना, त्यावर पत्ता तिथलाच आहे. इथला काहीतरी कागद लागेल."

"अगं, जन्म वटारचा माझा. विचार कुणालाही."

"कुणाला विचारत नाहीत ना ते. कागदच बघतात. माझं बघा, मी जळगावची. फुलपाड्यात भाड्याने राहते. अकरा महिन्यांच्या करारावर झाली माझी गाडी."

प्रेमलताला हसू आलं. चोवीस वर्षं बाहेर काढली की माणसाला नको तिथे आधी हसूच येतं.

मग रिद्धीनेच वाट काढली. भाऊ सोबत आहेतच, घराचं लाइटबिल त्यांच्या नावावर आहे. त्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या, की ही माझी बहीण, या घरात राहते. खाली सही. झालं. तिने कोरा कागद आणि पेन श्रीरंगपुढे सरकवलं.

श्रीरंगने चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लिहायला लागला. अक्षर त्याचं वळणदार. पाटीवर हात धरून ते ताईनेच वळवलेलं. लिहून झाल्यावर त्याने कागद फिरवला.

रिद्धीने वाचलं. "सर, 'सुट्टीत येऊन जाऊन असते' असं नाही चालणार. इथे राहते असं पाहिजे."

श्रीरंगने पेनाला टोपण लावलं.

"ताई, जरा बाहेर ये."

बाहेर स्कूटरजवळ तो तिच्याकडे न बघता हारातलं एक झेंडूचं फूल सरळ करत राहिला.

"वाडीचं बोलणं चाललंय. बिल्डरशी. तुला सांगणारच होतो, निवांत बसून. वकील म्हणाले, या पत्त्यावर आता नवीन नाव कुठल्याच कागदावर नको."

"कुठली वाडी?" तिने विचारलं. जशा काही दहा वाड्या होत्या त्यांच्या.

त्याने हारातली एक सुकी पाकळी खुडून टाकली.

"मी सही करून हक्क सोडलाय, श्री. आई होती तेव्हाच. विसरलास?"

"म्हणूनच ना. हक्क सोडलेली बहीण तिथेच राहते म्हटलं, की समोरचा विचारतो, कोण म्हणून." मग त्याने आवाज मऊ केला. "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? माझ्या नावावर करू. गाडी तुझीच गं. दोन वर्षांनी रिटायर होऊन आलीस की चालव खुशाल."

"आणि तोवर ठेवशील कुठे? पडवीतच ना?"

श्रीरंगने दुसरं फूल सरळ केलं.

आत येऊन प्रेमलतानेच सांगितलं, "याचं नाव घाल, बाळा." नर्सची सवय. कुणी कितीही रडो, फॉर्म आधी भरायचा.

रिद्धीने नवीन फॉर्म काढला. पुन्हा फाईल जाणार, नंबर यायला चार-पाच दिवस, तोवर गाडी शोरूमबाहेर काढता येणार नाही.

"तुमचं विमान कधी, मॅडम?"

"परवा."

रिद्धी जराशी घुटमळली. "पूजा तरी करून घ्या. मुहूर्त कशाला चुकवायचा? दोन फूट पुढे घेतली तरी चालते."

प्रेमलताने हॅंडलखाली स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. पुढच्या आणि मागच्या चाकापुढे एकेक लिंबू ठेवलं. उठताना गुडघा वाजला, तेव्हा तिने सीटचा आधार घेतला आणि हात तिथे थोडा वेळ तसाच ठेवला. सीटवर अजून प्लास्टिक होतं.

मग श्रीरंग बसला.

"ताई, फोटो काढ ना. घरी पाठवतो."

तिने काढला. फोटोत तो हसत होता. अगदी मनापासून, लहानपणी सायकलवर पुढे बसायचा तेव्हासारखा. खोटं हसला असता तर बरं झालं असतं.

पायांनी ढकलत त्याने गाडी दोन फूट पुढे घेतली. मागचं लिंबू फच्चकन फुटलं. पुढचं चाकाखालून निसटलं आणि घरंगळत पायरीशी जाऊन थांबलं. हिरवंगार, अख्खं.

प्रेमलताने ते उचललं आणि ओढणीला पुसलं.

"अहो मॅडम, ते नका घेऊ!" रिद्धी काउंटरमागून धावत आली. "गाडीची नजर असते त्यात. चाकाखालचं लिंबू घरी नेत नाहीत."

प्रेमलताने पर्स उघडली, पासपोर्टाशेजारी लिंबू ठेवलं आणि चेन ओढून घेतली.

"घरी कुठे नेतेय," ती म्हणाली. "मस्कतला नेतेय."