प्रयुज्य

“हिला काय म्हणायचं?” समोर बसलेल्या मुलीकडे पेन रोखून परीक्षकांनी विचारलं.

“प्रयुज्य, सर,” हंसा म्हणाली. ज्याच्यावर चाचणी करायची तो प्रयुज्य. पुस्तकात तसंच होतं.

खुर्चीच्या कडेवर बसलेल्या लाडकीला तो शब्द भारीच वाटला. ती गालातल्या गालात हसली.

पालघरच्या बी.एड. कॉलेजात त्या दिवशी मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. ज्यानं त्यानं एकेक मूल आणायचं, त्याची बुद्धी मोजायची आणि मुंबईहून आलेल्या परीक्षकांपुढे निष्कर्ष मांडायचा. सातपाटीतल्या त्यांच्या आळीतून इथवर पोचलेली हंसा पहिलीच. तिनं भावाची चौथीतली पोर, लाडकी, आणली होती, कारण तिच्याएवढी चलाख पोर आळीत दुसरी नव्हती. वहिनीनं, हिरानं, मासळीचा बाजार बुडवून लेकीची तेल लावून वेणी घातली होती आणि एस.टी.नं तिला घेऊन आली होती. आता ती चपला बाहेर काढून दाराशी उभी होती.

हंसानं पहिला प्रश्न वाचला. “रस्त्यात हरवलेलं मूल दिसलं, तर तू काय करशील?”

“ईचारीन, तुजी आय कोन. नि तिच्याकरं नेऊन घालीन.”

हंसाचं पेन थांबलं. उत्तरसूचीत ‘पोलीस चौकीत नेईन’ असं होतं.

“उत्तर सूचीत आहे?” परीक्षक मागून म्हणाले.

“नाही, सर. पण…”

“पण?”

हंसानं शून्य लिहिलं.

मग चित्रं आली. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावलेला माणूस होता. रिसीव्हरची वायर मुद्दाम दाखवलेली नव्हती. “या चित्रात काय कमी आहे?”

लाडकीनं चित्र जवळ ओढलं, नीट पाहिलं. “ज्याच्याशी बोलतो तो मानूस नाय.”

हंसानं वर न बघता शून्य लिहिलं. लाडकीला वाटलं, आत्या भराभर लिहिते म्हणजे आपलं बरोबर येतंय. ती आणखी मोठ्यानं, आणखी उत्साहानं उत्तरं देऊ लागली. आकडे तिनं सुलट नि उलट, दोन्हीकडून धडाधड म्हटले, पण तो भाग लहान होता. बेरीज झाली. बुद्ध्यांक निघाला.

“निष्कर्ष सांगा,” परीक्षक म्हणाले.

“मुलीला बाहेर पाठवू का, सर?”

“राहू दे. तिला काय कळतंय?”

नापास झाली तर वर्ष गेलं, हे हंसाला ठाऊक होतं. घरी पुन्हा वर्षभर शिकवतील याची खात्री नव्हती. ती उभी राहिली. हात मागे घेतले. वर्गात बोलायला शिकवलं होतं तशा स्वच्छ भाषेत तिनं सांगितलं, “ही मुलगी मंदबुद्धी गटात मोडते.”

“कारण?”

“घरचं वातावरण. पालक अशिक्षित आहेत.”

“शिफारस?”

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.

“पुस्तकी शिक्षणाचा आग्रह धरू नये. हातकाम शिकवावं.”

“छान,” परीक्षक म्हणाले. “भावनेच्या आहारी गेला नाहीत. पुढचा उमेदवार पाठवा.”

दाराशी हिरा तशीच उभी होती. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं होतं.

तिघी स्टँडवर आल्या. सातपाटीची गाडी लागलेली होती. लाडकी धावत पुढं गेली, जागा धरायला.

“वयनी,” हंसा म्हणाली, “ते परीक्षेपुरतं होतं. मनाला लावून घेऊ नको.”

हिरा रागावलेली नव्हती. रागावली असती तर हंसाला सोपं गेलं असतं.

“परीक्षेत कोन खोटं बोलतं का, हंसा? तू शिकलेली. आपल्या मानसानंच खरं सांगितलं, बरं झालं. मी अडानी, मला वाटायचं पोर हुशार हाय.”

हिरा गाडीत चढली. गाडी सुरू झाली तेव्हा लाडकी खिडकीतून विचारत होती, “आत्या, तू पास झाली ना?” हंसानं होकारार्थी मान हलवली. तिला अभ्यासासाठी कॉलेजातच थांबायचं होतं.

प्रात्यक्षिकात ती वर्गात पहिली आली.

पुढच्या रविवारी ती घरी गेली. वहिनी बाजारात होती. लाडकीची पाटी-पिशवी खुंटीवर नव्हती. ती शेजारच्या पोरीला देऊन टाकल्याचं आईनं सांगितलं. हंसा तशीच किनाऱ्यावर गेली. वाळूत रोवलेल्या बांबूंना दोऱ्या ताणल्या होत्या आणि लाडकी बायकांच्या ओळीत उभी राहून बोंबील वाळत घालत होती. हात सरसर चालत होते.

“लाडके, उद्या शाळेत चल. मास्तरांशी मी बोलते.”

लाडकीनं वळून पाहिलं. मोठ्या माणसानं लहान मुलाला समजावावं तशी ती म्हणाली, “नको आत्या. मला नाय कलत.”

“कळतं ग तुला. सगळं कळतं.”

“नाय,” लाडकी म्हणाली. “तुला वाईट वाटतं म्हनून तू सांगते आता.”

तिनं टोपलीतून दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात घट्ट अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली. ओळीच्या ओळी तशाच लटकत होत्या, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकलेल्या.