नुसता बघायचा गेम
सारजाबाई वर्षभर लेकाला एकच टोमणा मारत होत्या: "खेळताच येत नाय, तर त्या गेमचा उपयोग काय?" सुदर्शनने जुन्या व्हिडिओ गेमसाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता, कॅसेट घातली की टीव्हीवर रंगीत मेंढरं हलगीच्या तालावर आपोआप नाचायची. आज त्याच्या सोयरिकीसाठी घर बघायला आलेल्या मढ गावच्या पावण्यांनी हौसेने गेमचा रिमोट हातात घेतला आणि बटणं दाबदाबून अंगठा दुखवला. मेंढरं त्यांना जुमानेनात. "हे नुसतं बघायचं असतं," सुदर्शन पुटपुटला. पावणे हसले. "खेळताच येत नाय, तर उपयोग काय राव?" सारजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तमाशाला जाता तवा ढोलकी तुमच्या हातात देत्यात व्हय?" पावण्यांनी रिमोट ठेवला, अर्धा चहा ठेवला, जीप गाठली. सारजाबाई धपकन टीव्हीपुढे बसल्या. "गेली सोयरीक! लाव मुडद्या पहिल्यापास्नं. बघते, कशापायी गेली."