सम्राटची चिप

सम्राटच्या पत्राला रंगनाथ गुरुजींनी उत्तर दिले नव्हते, त्याला आठ महिने झाले होते. पत्र वाचनालयाच्या टेबलाच्या खणात होते आणि त्याच्यावर ती चिप, आली तशी काळ्या स्पंजात खोचलेली. 'गुरुजी, जुनी काढून ही बसवा. आपला कॉम्प्युटर दुप्पट वेगाने चालेल. चालला की दोन ओळी लिहा.' एवढेच पत्र होते.

आज त्याचे दुसरे पत्र घेऊन त्याची आई समोर बसली होती. हे पत्र तिच्या नावाचे होते. कलाबाईंना वाचता येत नव्हते. पुण्याहून मुलाचे पत्र आले की त्या श्रीगोंद्याच्या या वाचनालयात येत. गुरुजी ते वाचून दाखवत आणि त्या सांगतील तसे उत्तरही लिहून देत.

गुरुजी वाचू लागले. तब्येत, बदललेली खोली, मेसचे जेवण. मग कॉम्प्युटरचे आले. सम्राटच्या ऑफिसातून निघालेला एक कॉम्प्युटर गेल्या वर्षी त्याने या वाचनालयाला मिळवून दिला होता. त्याच मोठ्या कंपनीने बनवलेले तसलेच आणखी चार आता तिथून निघणार होते, आणि ते कोपरगावच्या अभ्यासिकेला द्यायचे ठरले होते. मराठी टायपिंगचा नवा प्रोग्राम जुन्या चिपवर चालत नाही, म्हणून मित्रांनी मिळून चार नव्या चिपा घ्यायच्या. इकडे पाठवली होती तशाच.

पुढची ओळ गुरुजींनी आधी मनात वाचली. ती गाळली असती तरी कलाबाईंना कळले नसते. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"गुरुजींचं उत्तर काही आलं नाही. पण आई, तू फोनवर म्हणालीस, चिप चांगली चालते. म्हणजे चालतच असेल. महिनाअखेरीला चारही घेऊन टाकतो."

"लिहा," कलाबाई म्हणाल्या. "म्हनावं, घे बिनघोर. इथली लई झकास चालती."

गुरुजींनी आंतरदेशीय पत्र पुढे ओढले. पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

"कलाबाई, ती चिप चालत नाही."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

मग त्यांनी सगळे सांगितले. चिप जागेवर नीट बसली होती, पण पडदा काळाच राहिला. जुनी परत बसवली तर कॉम्प्युटर सुरू झाला. आपल्या हातूनच काही मोडले असे त्यांना वाटले. आठ दिवस शब्दकोश शेजारी घेऊन त्यांनी कॉम्प्युटरबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक वाचले. शेवटून दुसऱ्या पानावर एक तक्ता होता, या मशीनला कोणत्या चिपा चालतात त्याचा. सम्राटची त्यात नव्हती. सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर असता तर कदाचित चाललीही असती. या कंपनीचे मशीन मात्र आपल्या यादीतलीच चिप ओळखत होते. पण मुलगा दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याला हे ठाऊक नसेल, हे गुरुजींना पटेना. आपलेच इंग्रजी कच्चे, असे धरून ते गप्प बसले.

"मंग ते सूर्यभान तलाठी सांगत हुते, आता लई पळतंय म्हनून?"

"आत जुनीच आहे. त्यांना तसं वाटलं."

कलाबाई हसल्या नाहीत. "आनि मी इचारलं तवा तुमी व्हय म्हनलात."

"मान हलवली होती."

"मान हलवली," कलाबाई म्हणाल्या. "तीच मी पुन्याला धाडली."

कलाबाईंनी चिप दाखवा म्हटले. खणातून काढून गुरुजींनी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. कलाबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. एवढीशीच, असे त्या स्वतःशी म्हणाल्या.

"म्हंजी माझं पोरगं चुकलं."

"चुकला असं नाही म्हणता येत. मलाच कदाचित..."

"चुकलंच. त्याच्या वह्या तपासायचात तवा लाल पेन घिऊन बसायचात की. आता का हात आखडला? चार ठिकानी चुकायच्या आत लिहा."

गुरुजींनी लिहायला घेतले. पहिलीच ओळ खोडली.

"काय खोडलं?"

"'मला यातलं नीट कळत नाही' असं लिहिलं होतं."

"बरं केलं."

तक्ता उतरवून घ्यायला वेळ लागला. प्रत्येक आकडा त्यांनी पुस्तकाशी दोनदा ताडून पाहिला. मग वाचून दाखवले. 'चि. सम्राट, तू पाठवलेली चिप या मशीनला चालत नाही. कोणत्या चालतात तो तक्ता खाली दिला आहे. तो पाहिल्याशिवाय कोपरगावसाठी काही घेऊ नकोस. हे मला आठ महिन्यांपूर्वीच माहीत होते.'

"खाली माझं लिहा," कलाबाई म्हणाल्या. "आईला गुर्जींनी आज सांगितलं. जुना कंपूटर चालतोय. चौदा एप्रिलला येशील तवा ही चिप माघारी घिऊन जा."

गुरुजींनी ते लिहिले, पत्राच्या कडा दुमडून चिकटवल्या. टपालपेटी रस्त्यापलीकडे होती. दोघे तिथवर गेले. गुरुजींनी पत्र फटीत सरकवले आणि सोडले. ते पडल्याचा आवाज आला नाही. त्यांनी फटीत बोटे घालून चाचपले, मग वाकून आत पाहू लागले.

"गेलं, गुर्जी," कलाबाई म्हणाल्या. "आता न्हाई निघायचं."